नेपियरला जिवाणू कल्चर सोडलं, युरिया बंद केला आणि गवत पिवळं पडलं, असं का झालं?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. भारी काळी जमीन, थोडी चुनखडीची, दीड एकर फुले जयवंत (नेपियर ह्या चाऱ्याच्या गवताची जात), पाणी पाटाने. पावसाळ्याआधी ठोंबांच्या मधल्या सऱ्यांत उसाचं पाचट कुट्टी करून गाडलं, ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम ह्या हवेतलं नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचं लिक्विड कल्चर दोनदा सोडलं आणि दुकानदाराने सांगितलं म्हणून युरिया पूर्ण बंद केला. पहिली कापणी बरी निघाली, पुढच्या दोन कापण्यांत उंची घटली, खालची पानं पिवळी, फुटवे काडीसारखे. आणि आता विचारताय की हे जिवाणू खत म्हणजे नुसतं रंगीत पाणी आहे का.

पाणी नाही. पण जे काम त्या जिवाणूंचं नाहीच ते तुम्ही त्यांच्या गळ्यात घातलंय, आणि त्याच वेळी जमिनीत आधीपासून असलेल्या दुसऱ्या जिवाणूंनी होतं ते नत्रही अडकवून टाकलं. नत्राच्या बाबतीत माझं म्हणणं असं आहे की बाटलीतले जिवाणू बाहेरून किती नत्र आणतात ह्यापेक्षा जमिनीतले जिवाणू आहे ते नत्र कुठे फिरवतात आणि कुठे घालवतात ह्याच्यावर चाऱ्याचं उत्पन्न जास्त ठरतं. गळती बंद झाली की मग कल्चरचा फायदा दिसायला लागतो, तोपर्यंत दिसत नाही.

आधी हिशोब करू. हिरव्या नेपियरमध्ये कोरडा भाग साधारण १८ टक्के धरा, त्यात प्रथिनं साडेआठ टक्के, प्रथिनांना ६.२५ ने भागलं की नत्र मिळतं. म्हणजे एक टन हिरव्या चाऱ्यातून जवळपास अडीच किलो नत्र शेताबाहेर जातं. एका कापणीला एकरी ८ टन निघाला तर २० किलो नत्र गेलं, आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असतं २०.७ किलो. थोडक्यात प्रत्येक कापणीला तुम्ही एक अख्खी गोणी ट्रॉलीत भरून गोठ्यात नेताय. वर्षाला ६० टन काढले तर दीडशे किलोच्या आसपास. आता दुसरी बाजू बघा, ॲझोस्पिरिलमसाठी जे आकडे पुस्तकात छापलेले असतात ते हेक्टरी २० ते ४० किलोचे, म्हणजे एकरी आठ ते सोळा, तेही वर्षभरात आणि सगळं मनासारखं असेल तर. प्रत्यक्षात मी ह्याच्या खालचाच आकडा धरून चालते. आता दीडशेच्या जागी सोळा कसे पुरणार ते तुम्हीच सांगा.

हे असं का, तर हवेतला नायट्रोजन फोडणं फार महागाचं काम आहे. एक रेणू फोडायला जिवाणूला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या इंधनाचे, किमान १६ रेणू जाळावे लागतात, आणि ज्या एन्झाइमने हे होतं ते नायट्रोजिनेज ऑक्सिजन लागला की निकामी होतं. लसूणघासाच्या किंवा चवळीच्या मुळावर गाठी असतात, आत साखर आयती मिळते आणि गाठीतलं लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन आवरून धरतं, म्हणून तिथे गाठीतला जिवाणू रायझोबियम जोरात काम करतो. गवताच्या मुळावर गाठ नाही. जिवाणू मुळाच्या बाहेर किंवा सालीच्या पेशींमध्ये राहतात, मुळातून जी थोडी साखर पाझरते त्यावर जगतात आणि त्यात बाकी हजार प्रकारचे जिवाणू वाटेकरी. तिथे मोठा आकडा येणं अवघडच.

मग गवतावर ह्यांचा उपयोग कोणी शोधला? ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर ह्या बाईंनी आयुष्यभर हेच काम केलं. बहिया गवताच्या मुळांवर त्यांना ॲझोटोबॅक्टर पास्पाली सापडला, नंतर १९७० च्या दशकात पँगोला गवताच्या मुळांवरच्या ॲझोस्पिरिलमवर त्यांनी जगाचं लक्ष वेधलं आणि १९८८ साली त्यांच्याच प्रयोगशाळेतून उसाच्या आत राहणाऱ्या जिवाणूचं वर्णन आलं, आपल्याकडे ऊसवाले ज्याला ॲसिटोबॅक्टर म्हणून वापरतात तो हाच. पास्पालीची गंमत अशी की तो बहिया गवताच्या सगळ्या प्रकारांवर नाही, ठराविक प्रकारावरच जम बसवायचा. म्हणजे गवताची जात आणि जिवाणू ह्यांचं जुळावं लागतं, कुठलीही बाटली कुठल्याही गवताला चालते असं नाही.

सुरुवातीला सगळ्यांना वाटलं आता गवताला खतच नको, पण पुढच्या कामातून दिसलं की ॲझोस्पिरिलमचा गवताला होणारा फायदा बराचसा वेगळ्याच वाटेने होतो. तो ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक सोडतो, त्याने मुळांना फाटे आणि केसमुळं जास्त फुटतात, आणि जास्त मुळं म्हणजे जमिनीत आहे ते नत्र, स्फुरद, पाणी जास्त ओढलं जातं. तुम्हाला पहिल्या कापणीत बरं दिसलं ते बहुतेक ह्याच्यामुळे आणि मागच्या खताच्या शिल्लकीवर. पण ओढायलाच काही शिल्लक नसेल तर नुसती मुळं वाढून काय करायचं? म्हणून कल्चर हे खताच्या सोबत, थोडं खत कमी करून वापरायचं असतं, खताच्या जागी नाही.

आता पाचटाकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या प्लॉटमध्ये खरी अडचण इथे झालीय.

उसाच्या पाचटात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण १०० ला १ असतं. कुजवणाऱ्या जिवाणूंच्या स्वतःच्या शरीरात ते १० ला १ च्या आसपास. एक टन कोरड्या पाचटात कर्ब अंदाजे ४२० किलो आणि नत्र फक्त ४ किलो. जिवाणू त्यातला बराच कर्ब श्वासातून उडवून टाकतात आणि एक तृतीयांश, समजा १४० किलो, अंगाला लावतात, त्याला नत्र लागतं १४ किलो. पाचटात आहेत चार. राहिलेले दहा किलो ते आजूबाजूच्या मातीतून घेतात, आणि त्यांची संख्या आणि वेग इतका असतो की गवताचं मूळ त्यांच्यापुढे टिकत नाही. हे नत्र कायमचं जात नाही, शेजारणीने उसनं नेलेल्या साखरेसारखं आहे, परत येतं पण तिच्या सवडीने. पाचट कुजून प्रमाण २०-२५ ला १ च्या खाली आलं की जिवाणू मरायला लागतात आणि अमोनियम मोकळं होतं. तोपर्यंत तुमच्या दोन कापण्या गेल्या. म्हणूनच पाचट कुजवताना टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं कल्चर अशी शिफारस असते. तुम्ही पाचट गाडलं आणि त्याच हंगामात युरिया शून्य केला, ह्यात गवत पिवळं पडणारच होतं. पाचट गाडलं हे मात्र वाईट केलं नाही, त्याचं फळ पुढच्या वर्षी मिळेल, तेवढं लक्षात ठेवा.

सेंद्रिय कर्ब वाढवणं का गरजेचं तेही आकड्यात सांगते. एक एकरात वरच्या १५ सेंटिमीटर थरात माती साधारण ८ लाख किलो. माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये कर्ब ०.५ टक्के आला तर ४ हजार किलो कर्ब आणि त्याच्यासोबत साडेतीनशे-चारशे किलो नत्र त्या मातीत आहे, पण कुलूपबंद. त्यातलं वर्षाला दोन ते चार टक्केच जिवाणू मोकळं करतात, म्हणजे आठ-पंधरा किलो. कर्ब दुप्पट केला तर हे फुकटचं नत्र दुप्पट, दरवर्षी, बाटली न घेता.

आता युरियाचं. युरिया टाकला की मातीतल्या जिवाणूंचं युरिएज एन्झाइम दोन-चार दिवसांत त्याचं अमोनियम करून टाकतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. तुमच्यासारख्या चुनखडीच्या, पीएच आठच्या वरच्या जमिनीत ओल्या मातीवर युरिया फेकून तसाच सोडला तर त्यातला बराचसा अमोनिया होऊन हवेत जातो, संध्याकाळी वाफ्याजवळ बसलात तर नाकाला कळतं. त्यामुळे युरिया आधी आणि हलकं पाणी लगेच मागून, म्हणजे तो दोन-तीन इंच खाली जातो. आधी भरपूर पाणी आणि मग चिखलावर युरिया, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि ती उलटी आहे.

अमोनियमवर धन भार असतो, काळ्या चिकण मातीला ते चिकटून राहतं. पुढे नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद त्याचं नायट्राइट करतात, नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पिरा वगैरे त्याचं नायट्रेट करतात. २०१५ मध्ये तर असे नायट्रोस्पिरा सापडले जे दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात. हे काम जिवाणू करतात हे कळलं तो प्रयोग मला फार आवडतो. फ्रान्समध्ये १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्त्झ ह्या दोघांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू सोडलं. सुरुवातीचे वीसेक दिवस काहीच झालं नाही, अमोनिया आत गेला तसाच बाहेर आला, मग अचानक खालून नायट्रेट यायला लागलं. वरून क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर नायट्रेट बंद, आणि क्लोरोफॉर्म काढून थोडी बागेतली माती पाण्यात कालवून ओतली तर परत सुरू. नुसती रासायनिक क्रिया असती तर क्लोरोफॉर्मने थांबली नसती. आणि ते वीस दिवस म्हणजे जिवाणूंची संख्या वाढायला लागलेला वेळ. नायट्रिफायर, म्हणजे हे नायट्रेट बनवणारे जिवाणू, फार सावकाश वाढतात, पण तुमच्या शेतात ते आधीच भरपूर आहेत, त्यांची बाटली कोणी विकत नाही आणि घ्यायची गरजही नाही.

नेपियर अमोनियमही घेतं आणि नायट्रेटही. अडचण अशी की नायट्रेटवर ऋण भार असतो, माती त्याला धरत नाही, पाण्याबरोबर ते खाली जातं. आणि काळ्या जमिनीत त्याहून मोठा धोका म्हणजे पाणी साचणं. पाटाचं पाणी सरीत रात्रभर उभं राहिलं की मातीतली हवा संपते, एक-दोन दिवसांत ऑक्सिजन नाहीसा होतो, आणि मग स्युडोमोनाससारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वास घेतात. नायट्रेटचं नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी नायट्रोजन वायू होऊन तो उडून जातो. तुम्ही पैसे देऊन टाकलेलं नत्र परत हवेत, आणि मधला नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट तापवणारा.

हे तुमच्या शेतात होतंय का ते लॅबशिवाय बघता येतं. पाणी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठोंबाजवळ फावड्याने एक फूटभर खोल ढेकूळ उचला आणि हाताने मधोमध मोडा. चांगल्या मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो, मुळं पांढरी असतात आणि बारीक मुळांना मातीची कवच धरलेली असते, ठोंब झटकला तरी ती पडत नाही. त्या कवचातच सगळा कारभार चालतो. बिघडलेल्या मातीत आतला भाग राखाडी-निळसर दिसतो, मधे गंजाच्या रंगाचे ठिपके, मुळांची टोकं तपकिरी आणि वास सडक्या अंड्यासारखा किंवा गटारासारखा. असं दिसलं तर कुठलंही कल्चर टाकून फरक पडणार नाही, आधी पाणी कमी करा. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी वाफसा म्हणून जे सांगितलंय तेच नायट्रिफायरला हवं असतं, ओल आणि हवा दोन्ही. ठिबक परवडत असेल तर उत्तम, नसेल तर सरीआड सरी पाणी द्या आणि शेताच्या खालच्या टोकाला चर काढा.

नायट्रिफायरचा वेग थोडा कमी केला तर गळती कमी होते, ह्याच विचाराने आपल्याकडे २०१५ पासून युरिया निमकोटेड केलाय. निंबोळीतले घटक अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतात. न्यूझीलंडमध्ये ह्याच कामासाठी कुरणांवर डायसायनडायमाइड वापरायचे, पण त्याचा अंश दुधात सापडल्यावर २०१३ च्या जानेवारीत ते थांबवावं लागलं. आणि काही गवतं तर हे काम स्वतःच करतात. आफ्रिकेतलं मूळ असलेल्या ब्रॅकिएरिया ह्युमिडिकोला ह्या कुरणाच्या गवताच्या मुळातून ब्रॅकिॲलॅक्टोन नावाचा पदार्थ पाझरतो आणि तो नायट्रोसोमोनासला रोखतो, २००९ साली शास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून दाखवला. म्हणजे गवत त्याच्या मुळाभोवतीच्या जिवाणूंवर चाल करून स्वतःचं नत्र राखतं! मला विचाराल तर चारा पिकांत पुढची वीस वर्षं संशोधन ह्या बाजूला व्हायला हवं.

कोकणातले किंवा गोव्यातले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, तुमच्या जांभ्या जमिनीत गणित वेगळं आहे. आम्लता जास्त असली की नायट्रिफायर मंदावतात, रायझोबियमलाही त्रास होतो, तिथे आधी चुना घालून पीएच वर आणणं महत्त्वाचं आणि अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षं टाकत राहणं टाळायचं, कारण अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला १८५६ पासून चालू असलेल्या गवताच्या प्रयोगात अमोनियम सल्फेटच्या प्लॉटची माती इतकी आम्ल झाली की डझनावारी प्रकारच्या वनस्पतींच्या जागी दोन-तीनच गवतं उरली. तुमच्या चुनखडीच्या जमिनीत मात्र ही भीती नाही, उलट अमोनियम सल्फेटमधलं गंधक उपयोगी पडेल.

आता गोठ्याकडे, कारण सगळ्यात मोठी गळती तिथे असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. गाय जेवढं नत्र खाते त्यातलं दुधात साधारण पाव भाग जातं, बाकीचं शेणमुतात. आणि मुतातला युरिया शेणाला लागला की शेणातल्या जिवाणूंचं युरिएज काही तासांत त्याचा अमोनिया करतं. सकाळी बंद गोठ्यात शिरल्यावर डोळ्याला झोंबतं ते तुमचंच नत्र आहे. चरायला गवतात गाय सोडली असेल तर बघा, तिने जिथे मूत्र केलं तिथला ठिपका आठ-दहा दिवसांत गडद हिरवा होतो. आजूबाजूचं गवत फिकं आणि ठिपका हिरवागार असेल तर जमिनीला नत्र कमी पडतंय ह्याचा त्याहून सोपा पुरावा नाही. तेव्हा गोठ्याला उतार द्या, मुताची नाली वेगळी काढून टाकीत घ्या, पाण्यात पाचपट-दहापट पातळ करून पाटाच्या पाण्यातून त्याच दिवशी नेपियरला सोडा. शेणखताचा ढीग उन्हात न ठेवता झाकून ठेवा. दहा टन चांगल्या शेणखतात ५० किलो नत्र असतं, पहिल्या वर्षी त्यातलं तिसरा हिस्साच मिळतं पण बाकीचं पुढे मिळत राहतं.

तुम्ही आत्ता करायचं एवढंच. ह्या कापणीनंतर तीन-चार दिवसांत, कोंब दिसायला लागले की एकरी एक गोणी निमकोटेड युरिया सरीत टाकून मातीआड करा आणि हलकं पाणी. पुढच्या कापणीला रंग आणि फुटवे सुधारले की पाऊण गोणीवर या, गोठ्यातली स्लरी, म्हणजे वर सांगितलेलं मुताचं पातळ पाणी, नियमित चालू झाली की अर्ध्यावर. कल्चर चालू ठेवा, पण शेणखतात मिसळून, वाफशावर, संध्याकाळी, युरियापासून आठवडाभर अंतर ठेवून. बाटलीवरची तारीख बघा आणि दुकानात ती उन्हात ठेवलेली असेल तर घेऊच नका, आत मेलेले जिवाणू असतील. आणि एक सांगते, प्लॉटच्या चार सऱ्या कल्चरशिवाय ठेवा, बाकी सगळं सारखं. कापणीला दोन्हीकडचा चारा वेगळा वजन करा. कोणाच्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षा तुमच्या शेतातला काटा बरोबर सांगेल.

खरोखर युरिया कमी करायचा असेल तर द्विदल हाच रस्ता आहे. थंडीत नेपियर मंदावतं तेव्हा मधल्या पट्ट्यात लसूणघास, पावसाळ्यात चवळी, बांधाला दशरथ घास. लसूणघासाच्या गाठी हेक्टरी १०० किलोच्या वर नत्र सहज बांधतात. मात्र रायझोबियम ज्याचा त्यालाच लागतो, लसूणघासाचं कल्चर वेगळं आणि चवळीचं वेगळं, पाकीट घेताना पिकाचं नाव बघा. महिन्या-दीड महिन्याने एक रोप हलकेच उपटून गाठ नखाने फोडा, आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवी असेल तर नाही. त्या पट्ट्यात युरिया पडला तर गाठी आळशी होतात, तेही सांभाळा. आणि हे नत्र शेजारच्या गवताला लगेच मिळत नाही, मुळं-गाठी कुजल्यावर आणि शेणाच्या वाटेने मिळतं.

शेवटची गोष्ट जनावरांच्या जिवाची आहे, म्हणून नीट वाचा. पिवळेपणा घालवायच्या घाईत दोन-दोन गोण्या टाकू नका. नत्र जास्त, त्यात ढगाळ हवा किंवा पाण्याचा ताण पडून मग पाऊस, असं झालं की नेपियर, ज्वारी, मका ह्यांच्या खोडात नायट्रेट साचतं, सगळ्यात जास्त खालच्या भागात. गाईच्या पोटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि ते रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहणं बंद पाडतं. जनावर धापा टाकतं, थरथरतं, हिरड्या निळसर-तपकिरी होतात, रक्त चॉकलेटी दिसतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना तातडीने बोलवा, मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचतं. युरिया दिल्यावर निदान तीन-चार आठवडे कापू नका, बुडापासून वीतभर उंच कापा, उपाशी जनावराला एकदम हिरवं घालू नका, आधी कडबा मग हिरवं. आणि हिरवी कुट्टी ढीग करून रात्रभर गरम होऊ देऊ नका, कारण ओल्या ढिगात जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट तिथेच करायला लागतात आणि नायट्राइट त्याहून विषारी. जास्त वाटत असेल तर मुरघास करा, आंबवणीत नायट्रेट बरंच उतरतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, डायफिनाइल अमाइनचा थेंब खोडाच्या कापावर टाकून गडद निळा रंग येतो का ते बघता येतं. ते आम्लात केलेलं असतं, हाताला लावू नका, त्यांनाच करू द्या.